पन्नास चेंडू न मारता

मित्रांनो, टीव्हीखालच्या खणात वायरींच्या गुंत्याशेजारी दोन मुठींचा काळा जिन्नस पडलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. माझ्या डाव्या स्टिकवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे. सगळ्यात जास्त दाबल्या गेलेल्या बटणावरची खूण पार पुसली गेली आहे. पोटाजवळ एक बारीक चीर आहे.

एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझी जुळणी झाली. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिने माझं प्रत्येक बटण दाबून, कानाशी धरून ऐकलं आणि मला डब्यात घातलं. तेवढीच आमची ओळख. त्यानंतर गोदाम, ट्रक, दुकानाची काच, आणि मग हे घर.

या घरात तेव्हा दोघीच राहायच्या. आई चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. तिच्या मुलीला सगळे बिट्टी म्हणत. ती अकरा वर्षांची होती. बिट्टीला गाड्यांच्या शर्यतीचा गेम हवा होता, पण माझ्यासोबत डब्यात बेसबॉलचा निघाला. आईने मला पहिल्या दिवशी हातात घेऊन बातम्या लावायचा प्रयत्न केला. त्या लागल्या नाहीत, तेव्हा "हा रिमोट बिघडलेलाच दिलाय," असं म्हणून तिने मला सोफ्यावर टाकलं. पुढे कितीतरी महिने ती मला रिमोटच म्हणायची.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समोरून पिचर चेंडू फेकतो. बॅटरच्या पुढ्यात हवेत एक चौकट आहे असं धरायचं. चौकटीतून येणारा चेंडू मारायचा. चौकटीबाहेरचा सोडून दिला तरी चालतं. आतला सोडला तर तो चुकलेलाच धरतात, आणि तीन चुकले की तुम्ही बाद. पण असे चार बाहेरचे चेंडू न मारता सोडलेत, तर तुम्हाला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, फुकट चालत जायला मिळतं. गेममध्ये डाव्या स्टिकने एक छोटं वर्तुळ चेंडूच्या वाटेवर न्यायचं आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं. ऐकायला सोपं वाटतं.

बिट्टीला ते काही केल्या जमेना. पिचरने हात उचलला रे उचलला की ती बटण दाबायची. चेंडू वर असो, खाली असो, जमिनीवर टप्पा खाऊन येवो, हिची बॅट फिरलेलीच. मग राग माझ्यावर निघायचा. एका सामन्यात सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद झाले, तेव्हा तिने मला फरशीवर आपटलं. पोटावरची चीर ती हीच. त्या रात्री बिट्टी ती चीर बोटाने चाचपत बसली होती, हेही सांगितलं पाहिजे.

याच सुमाराला मावशी राहायला आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती उंच इमारतींच्या कामावर टॉवर क्रेन चालवायची. सोळा वर्षं ती जमिनीपासून साठ मीटर वर, काचेच्या केबिनमध्ये बसून काम करत होती. महिन्यापूर्वी सळयांचा जुडगा वर नेताना अचानक वाऱ्याचा झोत आला, जुडगा झोक्यासारखा गेला आणि परांचीवर आदळला. खाली एक सुतार होता. तो दोन पावलं मागे सरला म्हणून वाचला. चौकशी झाली आणि चूक मावशीची नाही असं लेखी आलं. पण दुसऱ्या दिवशी ती शिडीच्या पाचव्या पायरीवरून परत उतरली. तिने रजा टाकली आणि बॅग घेऊन बहिणीकडे आली.

आली ती नुसती बसून असायची. चहा गार व्हायचा. बिट्टी खेळत असली की तिची नजर टीव्हीकडे असायची, पण बघतेय की नाही ते कळायचं नाही. एका संध्याकाळी मात्र ती अचानक बोलली.

"तू चेंडू बघतच नाहीस."

"बघते की!" बिट्टी फणकारली.

"छे. चेंडू त्याच्या हातात असतानाच तू मारून मोकळी होतेस. हात खांद्यावरून पुढे येतो, तिथे चेंडू सुटतो. ती जागा बघ. बाकी काही बघू नकोस."

"आणि मारू कधी?"

"आज मारायचंच नाही. सरावाचा काही प्रकार असेल ना यात? पन्नास चेंडू येऊ दे. चेंडू सुटला की नुसतं सांगायचं, आत का बाहेर."

"पन्नास चेंडू न मारता? मावशी, हा गेम आहे, परीक्षा नाही."

"मग रोज हर. मला काय?"

बिट्टीने तोंड वाकडं केलं, पण सराव लावला. मी तिच्या मांडीवर पडून होतो आणि माझं एकही बटण कुणी दाबत नव्हतं. माझ्या आयुष्यातला हा अगदी नवा प्रकार होता. "आत. बाहेर. आत. अं... बाहेर." पहिल्या पन्नासात तिचे एकवीस चुकले. चौथ्या दिवशी सहा चुकले.

मग मावशीने तिची पकड सुधारली. "अशी मूठ आवळलीस तर बोट कसं हलणार? माझ्या क्रेनलाही अशाच दोन स्टिक आहेत. मी त्या दोन बोटांत धरते. खाली चार टन लोंबकळत असले तरी दोन बोटांत." बिट्टीची पकड सैल झाली आणि मला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. वर्तुळ आता धावत सुटत नव्हतं, हळूच सरकत होतं. नंतर मावशीने चेंडूचा वेग दोन पायऱ्या वाढवायला लावला. दहा मिनिटं त्या वेगाशी झुंजून पुन्हा नेहमीच्या वेगावर आलं की तोच चेंडू निवांत येतोय असं वाटायचं.

एवढं करूनही बिट्टी चुकतच होती. आता मात्र ती उशिरा मारायची. डोळे नीट, पकड नीट, तरी बॅट चेंडूच्या मागे. ती रडकुंडीला आली. मावशी उठून टीव्हीजवळ गेली.

"मेनू लाव. आता खालचं बटण दाब. पुन्हा दाब." ती माझ्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "अगं, तू वेळेवरच दाबतेयस. हा टीव्ही चित्र उशिरा दाखवतोय! आमच्या जुन्या क्रेनचं असंच होतं. स्टिक आत्ता ढकलायची आणि हुक मागाहून हलायचा."

दोघींनी टीव्हीच्या सेटिंगचे सगळे कप्पे उघडले. शेवटी एका कोपऱ्यात चित्र लगेच दाखवणारा 'गेम मोड' सापडला. तो चालू केला आणि तिसऱ्याच चेंडूला असा टोला बसला की माझ्या पोटातल्या दोन्ही मोटरी थरथरल्या. चेंडू कुंपणाबाहेर गेला. बिट्टी सोफ्यावर उभी राहून नाचली. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "सोफा मोडला तर रिमोट घराबाहेर फेकीन!"

इतके दिवस बिट्टी रोज मावशीला खेळायला बोलवायची आणि मावशी रोज "नको गं" म्हणायची. एका रविवारी दुपारी सामना रंगात असताना दारावर कुणीतरी आलं. "धर जरा!" म्हणत बिट्टीने मला मावशीच्या हातात कोंबलं आणि ती पळाली. परत आली तेव्हा मावशी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

"मावशी, हा थरथरतोय का गं? चेंडू तर लागला नाही."

माझ्या मोटरी बंद होत्या. मला ते केव्हाच कळलं होतं, पण मला सांगता येत नाही.

"तो नाही थरथरत," मावशी म्हणाली. "मी थरथरतेय."

ही गोष्ट तिने बहिणीलाही सांगितली नव्हती. बिट्टीने जरा विचार केला. ती घाबरली नाही की तिने मला काढूनही घेतलं नाही. शेजारी मांडी घालून बसली.

"मग मारू नकोस. सोड. सोडलेलं चालतं."

पहिला चेंडू आला. मावशीच्या अंगठ्याने माझ्या बटणाला स्पर्श केला, पण दाबलं नाही. बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा आत होता, तोही गेला. "असू दे, असू दे," बिट्टी म्हणाली. पुढचे दोन्ही बाहेर गेले आणि पडद्यावरचा बॅटर बॅट टाकून पहिल्या बेसकडे चालू लागला.

"हा कुठे निघाला?"

"पहिल्या बेसवर. पोचलीस तू."

"काहीही न करता?"

"काहीही न करता कसं? नको ते चार सोडलेस ना!"

मावशी हसली. महिन्याभरात मी तिचं हसू पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून बिट्टी शाळेत आणि आई दुकानात गेली की मावशी मला चार्जिंगवरून काढायची. तिची अडचण बिट्टीपेक्षा वेगळी होती. एक चेंडू चुकला की पुढच्या चेंडूला तिची पकड दुप्पट घट्ट व्हायची आणि मग तोही चुकायचा. हे तिचं तिलाच लक्षात आलं. मग तिने एक सवय लावून घेतली. प्रत्येक चेंडूनंतर ती मला गुडघ्यावर ठेवायची, दोन्ही हात झटकायची आणि नव्याने उचलायची. पंधरा दिवसांनी ती दहापैकी तीन चेंडू मारायला लागली. थरथर पूर्ण गेली नव्हती. पण ती सुरुवातीला यायची आणि आपोआप विरायची.

मग कामावरून मुकादमाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"बाई, सोमवारी चाचणी ठेवलीय साहेबांनी. पास झालात तर क्रेन तुमची. आला नाहीत तर दुसरा माणूस घेणार, माझा नाइलाज आहे."

आई जेवणाची ताटं मांडत होती. तिचा हात थांबला. "तुला तिथेच भांडारात जागा देतो म्हणाले होते ना? बसून काम आहे. जीव टांगणीला लावून वर चढायची काय गरज?"

"ताई, टांगणीला लोखंड असतं. जीव नसतो."

आईला हसू आलं नाही. "त्या सुताराच्या बायकोला विचार."

मावशीने मान खाली घातली. मग हळू म्हणाली, "विचारलं मी. गेल्याच आठवड्यात त्याच्या घरी जाऊन आले. तो परत कामावर जातोय. त्याने मला विचारलं, बाई, तुम्ही कधी येताय?"

सोमवारी सकाळी मावशीचे बूट आईनेच पुसून दाराशी ठेवले.

चाचणीला मी नव्हतो. मावशीने संध्याकाळी इथेच बसून सांगितलं ते ऐकलं आहे. पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप उचलायचं, खांबांच्या दोन रांगांमधून न्यायचं आणि खडूच्या वर्तुळात टेकवायचं. पाचवी पायरी ओलांडून ती शिडी चढली. केबिनमध्ये बसल्यावर हात थरथरला. तिने स्टिक सोडल्या, हात झटकले, पुन्हा धरल्या. पिंप अर्ध्या वाटेवर असताना वारा उठला. तिने ते सावकाश खाली जमिनीवर टेकवलं आणि थांबली.

"साहेबांनी खालून वॉकीटॉकीवर विचारलं, काय झालं, का थांबलात? मी म्हटलं, काही नाही साहेब, वारा जाऊ देतेय. अकरा मिनिटं थांबले. खाली सगळे घड्याळं बघत होते."

"मग?" बिट्टीने मला छातीशी धरलं होतं.

"मग वारा पडला. उचललं, नेलं, ठेवलं. वाटीभर पाणी सांडलं. साहेबांनी कागदावर लिहिलं की वारा पाहून थांबल्या. आणि खाली सही केली."

"म्हणजे पास?" आईने विचारलं.

"पास. पण पहिले तीन महिने छोटी क्रेन."

आईने पदराने डोळे टिपले आणि "हात धू, जेवायला वाढते," एवढंच म्हणाली.

मावशी पुढच्या आठवड्यात तिच्या घरी गेली. बिट्टीने त्या वर्षी गेममधली मोठी स्पर्धा खेळली आणि अंतिम सामना एका धावेने हरली. शेवटचा चेंडू आत होता आणि तिने तो बाहेरचा समजून सोडला. ती चिडली, पण मला आपटलं नाही. टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेली. मला ती हार अजून आठवते.

यानंतरचं माझं आयुष्य चारचौघांसारखंच आहे. डावी स्टिक झिजली आणि वर्तुळ आपलं आपणच डावीकडे घसरू लागलं. बिट्टी मोठी झाली, नवा कंट्रोलर आला, मी खणात गेलो. शेजारी मोजपट्टी आहे आणि संपलेल्या बॅटऱ्या आहेत. तक्रार नाही. घरात पाहुण्यांची मुलं आली की मला दुसरा गडी म्हणून बाहेर काढतात. घसरत्या वर्तुळासह जमेल तसा खेळतो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्यावर सरबत सांडू नका, चिकट हातांनी धरू नका, हरल्यावर फरशीवर फेकू नका. बटणांतली धूळ अधूनमधून मऊ ब्रशने काढा. एवढं केलंत तर आम्ही बरीच वर्षं टिकतो. आणखी एक मागणं आहे. घरातलं कुणी मोठं माणूस आम्हाला पहिल्यांदा हातात घेईल, उलटं धरेल, भलतंच बटण दाबेल. तेव्हा "तुला नाही जमत, दे इकडे" म्हणून आम्हाला हिसकावून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा. तो डाव वाया गेला तर जाऊ द्या.