मी लावलेली तिसरी श्रेणी

मी एक जुना फॉर्म्युला आहे, मित्रांनो. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या सोलापुरातल्या एका कारखान्यात, संगणकातल्या मासिक रिपोर्टच्या अगदी उजव्या रकान्यात मी राहतो. मला तोंड नाही. तरी आज बोलल्यावाचून राहवत नाही, कारण माझ्यामुळे एका बाईचे काम गेले.

सात वर्षांपूर्वी ऑफिसातल्या सोनालीताईंनी मला लिहिले. काम सोपे होते. एखाद्या बाईला नेमून दिलेल्या कॉलरींपैकी किती शिवून पास झाल्या, ती टक्केवारी घ्यायची. नव्वद किंवा जास्त असेल तर पहिली श्रेणी, पंच्याहत्तरपासून पुढे दुसरी, त्याखाली तिसरी. लागोपाठ तीन महिने तिसरी आली की बाई कामावरून कमी. हा शेवटचा नियम साहेबांचा, पण तो माझ्या जिवावर चालतो. मल्लिकार्जुन साहेब आल्यागेल्याला मला दाखवायचे आणि म्हणायचे, "याच्याकडे वशिला चालत नाही." मी नुसता फुगून जायचो.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती. कॉलरींचा गठ्ठा शिवून झाला की त्यावरची चिठ्ठी बाईने आपल्या कार्डावर चिकटवायची, त्यावरून माझ्याकडे आकडा येतो. पण तिथल्या बायकांची माझ्याहून जुनी एक रीत आहे. नवी बाई आली की तिला शिकवणारी आपल्या काही चिठ्ठ्या तिच्या कार्डावर चिकटवते, हात बसेपर्यंत. एरवी महिन्याभरात भागायचे. यंदा मंद्रूपहून केराबाई आली. वय पंचेचाळीस, नवरा गेलेला, जन्मभर शेळ्या राखलेल्या. मोटरचे मशीन पळायला लागले की ती घाबरून पाय काढून घ्यायची. जुन्या, हात बसलेल्या चंद्रव्वाने तिला शिकवायला शेजारी बसवले, रीतीप्रमाणे आपल्या चिठ्ठ्या तिच्या कार्डावर लावल्या आणि बघता बघता तीन महिने झाले.

चंद्रव्वाचे आकडे आले त्र्याहत्तर, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर. मी तिसरी, तिसरी, तिसरी असे लिहून मोकळा झालो. केराबाईला दुसरी दिली. चंद्रव्वाचे नाव लाल झाले.

हे कळताच केराबाई ऑफिसात आली.

"साहेब, माज्या कार्डावरच्या लई चिठ्ठ्या अक्काच्या हायत."

"अहो, मग तुमचं नाव खाली जाईल. तिन्ही महिने."

"जाऊ दे की. कॉलर अक्कानं शिवलीया."

मागोमाग चंद्रव्वा धावत आली. ती केराबाईवरच चिडली. "तुला कोण सांगितलं बोलायला? अजून आठ दिवसांत तुजा हात बसला असता."

सोनालीताईंनी आकडे दुरुस्त केले. मित्रांनो, मी किती तडफडलो म्हणून सांगू. पण मला थांबता येत नाही, आकडा बदलला की उत्तर द्यावेच लागते. चंद्रव्वाला पहिली श्रेणी. केराबाईला तिसरी, तिसरी, तिसरी.

"साहेब," सोनालीताई हळूच म्हणाल्या, "शिकणाऱ्या बायकांसाठी एक वेगळा रकाना करू या का?"

"पुढच्या वर्षी बघू. आता आकडा बरोबर आहे ना?"

बरोबर होता. तेच तर मला सहन होत नाही.

केराबाई दुपारीच निघाली. चंद्रव्वा मशीन बंद करून तिला मंद्रूपच्या गाडीत बसवून द्यायला गेली. त्या दिवशी तिच्या सहा कॉलरी कमी भरल्या. त्याही मी मोजल्या, माझ्याने दुसरे काही होत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यासमोरही असे रिपोर्ट येतील. मला खोडू नका, पण माझ्या एकट्याच्या भरवशावर कुणाला घरी पाठवू नका. तिसऱ्या श्रेणीत नाव दिसले तर कृपा करून खुर्चीवरून उठा, त्या मशीनपाशी जा आणि विचारा, बाई, इतके दिवस तुमच्या शेजारी कोण बसले होते?