हिरवा ठिपका

जिवाणू ओळखायच्या परीक्षेत सगळ्यांना ताज्या वाढीच्या नळ्या मिळाल्या. माझ्या हातावर बाईंनी टेकवली चिमूटभर कोरड्या मातीची कुपी.

"या धुळीत काय डोंबल जिवंत असणार?" मी फणकारले.

"उकळून बघ," बाई म्हणाल्या.

रागारागानं माती पाण्यात घालून चांगली उकळली आणि जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरली, तरी दोन दिवसांनी त्यातून पांढरी वाढ आलीच! तिची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. गुलाबी कांड्या, आणि त्यांच्या पोटात एकेक हिरवा ठिपका. तो बीजाणू, म्हणजे जिवाणूची कडेकोट बंद झोप.

"बॅसिलस!" मी ओरडलेच.

"बरोबर. ही कुपी माझ्या बाईंनी बंद केली तेव्हा मी तुझ्याएवढी होते. आता मी निवृत्त होतेय."

मी पुन्हा डोळा लावला. एवढी वर्षं अन्नपाण्याविना पडून राहिलेलं हे माझ्या हातून जागं झालं होतं.

प्लेट नष्ट करण्याआधी मी तिच्यातले थोडे जिवाणू निर्जंतुक मातीत वाळवले, नवी कुपी बंद केली आणि विचारलं, "बाई, हिच्यावर कुणाचं नाव लिहू?"

"जागा मोकळी ठेव," बाई म्हणाल्या. "ही कुपी उघडणारी मुलगी अजून जन्मायचीय."