पहिली वाटी

"तुजी मेंढी माज्या कोबीत शिरली ना, तवापास्नं सगळं नासलं बघ," मार्गित म्हणाली, आणि साखरेचा खडा दाताखाली धरून बशीतली कॉफी तिनं फुर्रकन ओढली.

योरुन खाली वाफ्यात गुडघे टेकून बटाट्यातलं तण काढत होती. वाफा मार्गितचाच. मार्चमध्ये अंगणातल्या बर्फावर घसरून मार्गितचा खुबा मोडला, तेव्हापासून दोन्ही घरची माती योरुनच्याच नखांत.

"बारा वर्सं झाली त्या कोबीला," योरुन म्हणाली. "मेंढी मेली, तिची कातडी माज्या खाटंवर पडलीया, अन् तुजा कोबी अजून जित्ता?"

"हस. दात हायेत तवर हस."

दोघी ऐंशीच्या उंबऱ्यावर. नवरे चर्चमागच्या भुईत शेजारीशेजारी निजलेले, लेकरं शहरात. खाली नदी, वर कावळ्यांचा डोंगर, आणि एकाच कुरणाच्या दोन कडांना ही दोन तांबडी लाकडी घरं. सकाळी एकीच्या धुराड्यातून धूर निघाला की दुसरी मनाशी म्हणायची, आहे गं बाई, अजून आहे. गुरुवारी वॅफल, रविवारी रेडिओवरची प्रार्थना, रोज चार वाजता कॉफी. म्हातारपणाला आणखी लागतं काय?

पण आज मार्गितचा सूर निराळा होता. तिनं बशी खाली ठेवली.

"योरुन, हात पूस अन् हिकडं ये. तुला जागा सांगायचीय."

योरुनच्या मुठीतलं तण मुठीतच राहिलं.

त्या खोऱ्यातला माणूस भांडण सांगेल, दारूच्या भरात पोटातलं पाप सांगेल; पण मुल्टं या रानफळाची जागा सांगणार नाही. दलदलीत बोटभर देठ, देठावर एकच फळ. कच्चं असताना लालभडक नि कडक, पिकलं की मधासारखं पिवळं नि मऊ. जगाच्या उलटी रीत. कुठली दलदल फळते ते आई लेकीला मरताना सांगते. दुसऱ्या कुणी विचारलंच, तर 'तिकडं वर' म्हणून हात चारी दिशांना फिरवायचा.

"मला कशाला? लेकीला सांग की." योरुनला आपलाच आवाज पातळ वाटला.

"लेक दुकानातनं मुल्ट्यांचा डबा इकत आणती. ऐक. कावळ्यांच्या डोंगरामागं तिसरा वहाळ वलांडला की वाकडं पाईनचं झाड लागतं. त्याच्या पल्याड घोंगडीएवढी दलदल हाय. माज्या आईची." मार्गितनं काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "पर आता फळत न्हाई ती. माज्यामुळं."

"तुज्यामुळं?"

"आई म्हनायची न्हवं का,
पैली वाटी शेजीला, मग आपल्या चुलीला;
रीत मोडता हाताची, फळ रुसे देठाला.
कोबीच्या रागापायी त्या साली म्या तुला वाटी धाडली न्हाई. दार लावून एकटीनं खाल्ली. म्होरल्या साली गेले, तर एक फळ न्हाई. म्हनलं, फुलांवर गोठलेलं दंव पडलं असंल. पर अकरा साल एकाच जागी दंव पडतं व्हय? दर साली रिकामी बादली घिऊन आले. तुला दिसू नये म्हनून वर फडकं बांधायची." ती थांबली. "तुज्या वाट्याचं खाल्लं म्या, योरुन. माफ कर मला."

योरुननं तण म्हणून उपटलं, ते बटाट्याचं रोप निघालं.

तिला ती जागा ठाऊक होती. बारा वर्षं ठाऊक होती. त्याच उन्हाळ्यात मेंढी शोधताना डोंगरावरून तिनं मार्गितचा निळा रुमाल दलदलीत वाकलेला पाहिला होता, शेजारी भरलेली बादली पाहिली होती. संध्याकाळी टेबल पुसून ती वाटीची वाट बघत बसली. वाटी आली नाही. तो राग राखेखाली वर्षभर धुमसला. मार्गित आईच्या नेमानं जुलैअखेरच्या ओलाफ संताच्या सणानंतर आठवड्यानं जायची. म्हणून योरुन सणादिवशीच गेली, सगळं गाव नदीकाठी शेकोटीभोवती असताना. फळं लाल होती, गारगोटीसारखी. तशीच ओरबाडली. पहिल्या साली रागानं, दुसऱ्या साली चवीनं, मग नुसत्या सवयीनं. आणि साखर ओतून उकळलेला तो मुरंबा नाताळात सायीत कालवून मार्गितलाच वाढला; फळं कुठली, हे विचारायची रीतच नव्हती. "आंबूस हाय गं," मार्गित दर साली बोट चाटत म्हणायची, "पर तुज्या हातचं म्हनून ग्वाड लागतं."

"जाशील?" मार्गितनं विचारलं. "तुज्या पायांनी गेलीस तर रुसवा निघंल."

दुसऱ्या दिवशी योरुन गेली. तिसरा वहाळ ओलांडताना पाऊल अडखळलं नाही, याचीच तिला लाज वाटली. यंदाच्या सणाला ती मार्गितच्या खाटेशी बसून होती, इकडं फिरकली नव्हती. वाकड्या झाडापलीकडं येऊन ती उभीच राहिली. सगळी दलदल पिवळीधमक, जणू कुणी देठादेठावर दिवा लावून ठेवला होता. अकरा वर्षांत तिनं ही जागा पिकलेली पाहिलीच नव्हती. पिकू दिलीच नव्हती. एक फळ तिनं जिभेवर ठेवलं. ते आपोआप विरघळलं. ओल्या शेवाळात बसून ती म्हातारी रडली, आणि डास तिच्या कपाळावर खुशाल जेवले.

बादली पाहून मार्गितनं आधी फळांत बोटं बुडवली, मग तोंड झाकून घेतलं.

"आईनं माफ केलं गं मला! तुज्या हातानं माफ केलं!"

खोटं बोलावंसुद्धा लागलं नसतं. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. पण मार्गित हसली, तिच्या गालावर पोरीसारखी खळी पडली, आणि योरुनला ते सोसवेना.

"दलदल कदी रुसलीच न्हाई, मार्गित. म्याच नेत हुते. अकरा सालं. सणादिवशी."

मार्गितनं काठी जवळ ओढली.

"सणादिवशी?" मार्गित सावकाश म्हणाली. "म्हंजी... कच्ची?"

"व्हय."

"माज्या आईच्या दलदलीतली, कच्ची?" काठी जमिनीवर आदळली. "अगं मेले, चोरायची तर आठ दिस थांबून चोरायची हुतीस!"

"थांबले असते, तर तू आली असतीस."

"मग भेटलो असतो दोघी!" मार्गित ओरडली, आणि तिचा आवाज चिरकला. "म्या दर साली तिथं एकटी बसून आईची माफी मागत हुते... जा तू. जा घरला."

तीन दिवस चार वाजले आणि नुसतेच सरले. सकाळी पलीकडच्या धुराड्यातून धूर निघे. योरुन तेवढा बघे आणि चुलीकडं वळे. बटाट्यातलं तण काढायला जायचीही तिला हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मार्गितचं दार उघडलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेली वाटी. कापलेल्या कुरणातून ती चार पावलं टाकी, थांबे, वाटी सांभाळी, पुन्हा चार पावलं. हाकेच्या अंतराला तिला अर्धा तास लागला. योरुन पडद्याआड उभी राहून दात आवळत होती. धावत जाऊन हात द्यावा, तर तेवढा हक्क आपला उरलाय का, हेच तिला कळेना. मार्गितनं वाटी पायरीवर ठेवली, दार न वाजवता माघारी वळली.

योरुननं दार उघडून वाटी उचलली. फडकं जुनं, विटलेलं. रिकाम्या बादलीवर बांधायचं तेच. खाली पिकलेली मुल्टी, काठोकाठ.

"बारा सालांमागची हाय," कुरणाच्या मध्यातून मार्गित पाठमोरीच ओरडली. "पोचवाय उशीर झाला. खा!"

योरुननं तिथंच उभ्यानं दोन-चार तोंडात टाकली.

"कसं लागतंय गं पिकलेलं?"

योरुनला 'ग्वाड' म्हणायचं होतं. घास तोंडात फिरत राहिला.

मार्गित काठीवर रेलून तशीच उभी होती. वळली नाही, पण पुढंही गेली नाही.

"तोंडात घास असला म्हनून काय झालं?" ती म्हणाली. "पाय मोकळं हायेत न्हवं? ये, हात दे मला. चार वाजाय आलं."