उतारा क्रमांक चौदा

रविवारी दुपारी इंग्रजीच्या गाईडातल्या उतारा क्रमांक चौदामधली मिस डिकॉस्टा माझ्या खोलीत राहायला आली. अंगात हिरवा स्वेटर, हातात छत्री. चेहऱ्याचं वर्णन उताऱ्यात नाही, त्यामुळे तिला चेहरा नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं दहावीचं वर्ष म्हणून आई-बाबा मला इथंच ठेवून बदलीच्या गावी गेले, त्याला सात महिने झाले होते. डबेवाल्या काकूही डबा दाराबाहेर ठेवून जात. माणूस आलं, हेच खूप होतं.

ती खिडकीशी वाट बघत बसली.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"उताऱ्यात नाही."

"मग वाट कोणाची बघताय?"

"तेही नाही," ती म्हणाली. गाईडवाल्यांनी उतारा अकराव्या ओळीवरच कापला होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवलीस का गं? अभ्यास चाललाय ना?" मी म्हटलं, जेवले, चाललाय. रोजचे दोन प्रश्न, दोन उत्तरं. दोघींचंही पाठ.

इंग्रजीच्या सोनवणे मॅडम सांगतात, उताऱ्याखालच्या पहिल्या चार प्रश्नांत मनाचं एक अक्षर घालायचं नाही, उताऱ्यातलंच उचलायचं. पाचव्यात मनाचं लिहायचं. मी पहिला प्रश्न सोडवला आणि तिची छत्री उत्तरात गेली. दुसऱ्याला स्वेटर गेला, तिसऱ्याला पाय. चौथा झाला तेव्हा खिडकीच्या कठड्यावर फक्त तिचे दोन हात उरले. तेही जाऊ नयेत म्हणून पाचवा मी कोरा ठेवला.

चार दिवस मजेत गेले. मी त्या हातांना माझे सगळे निबंध वाचून दाखवले. 'माझी जिवलग मैत्रीण' दोनदा वाचला. मला मैत्रीण नाही, निबंध गाईडातला आहे, हे हातांना सांगितलं. त्यांना चाललं.

गुरुवारी मॅडमनी वही तपासली. "पाचवा कोरा का? पेपरात असंच करणारेस? आत्ता लिही, माझ्यासमोर."

प्रश्न होता : तुम्ही मिस डिकॉस्टाच्या जागी असता तर काय केलं असतं? याला अख्खा वर्ग एकच उत्तर लिहितो. 'मीही तेच केलं असतं.' दोन गुण हमखास. माझा हात सवयीनं चालला, आणि पूर्णविराम दिल्यावर मला कळलं, मी स्वतःला तिच्या जागी लिहून टाकलं होतं.

घरी आले तर खिडकीपाशी ती उभी होती. पूर्ण, माझ्या गणवेशात, माझ्या चेहऱ्यासकट. तिनं माझ्या खांद्यावरचं दप्तर उतरवून घेतलं. मला खूप भीती वाटली. फोन वाजला. तिनंच उचलला.

"जेवले," ती माझ्या आवाजात म्हणाली. "हो, चाललाय."

पलीकडे आईनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तिला काही वेगळं वाटलं नाही.

मला आईला हाक मारायची होती. उताऱ्यात हाक नाही. अकराव्या ओळीत बाई खिडकीशी बसून वाट बघते, एवढंच आहे. मी माझ्या अंगात आलेल्या हिरव्या स्वेटरची बटणं लावली आणि खिडकीशी बसले.