चाळीसवरचा ठिपका

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. त्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने, सत्यजीतने, शेडमधली जुनी फियाट बाहेर काढली. गाडी माझ्या सासऱ्यांची. वडगाव रासाईत एके काळी मोटार म्हणून तेवढीच होती. रंग उडालेला, टायर बसलेले, त्याचं त्याला काही वाटलं नाही. खटकली ती डॅशबोर्डवरची चार रिकामी भोकं. वेगाचा, पेट्रोलचा, इंजिन किती तापलंय ते दाखवणारा आणि बॅटरीचा, चारही मीटर जागेवर नव्हते.

"आई, मीटर कुणी काढले गं?"

"तुझ्या थोरल्या चुलत्यांनी."

शहात्तर सालच्या श्रावणात माझे थोरले दीर ज्योतिबा ते मीटर उपरण्यात बांधून दौंडला दुरुस्तीला निघाले. भीमेवर तेव्हा आमच्याकडे पूल नव्हता. होडीने पलीकडे राहूच्या बाजूला उतरायचं आणि मिळेल त्या वाहनाने पुढे जायचं. त्या सकाळी होडी पुरात उलटली. दोघांची प्रेतं सापडली, भाऊजींचं सापडलं नाही. ते घाटाकडे गेलेले मात्र साऱ्या आळीने पाहिले होते. सासरे घायकुते. त्यांनी दर्भाचा माणूस करून जाळला आणि त्या दोघांच्या दहाव्याबरोबर त्याच घाटावर भाऊजींचाही दहावा उरकून घेतला. माझ्या मालकांनी डोकं भादरलं. जाऊबाई, धुरपदा, तेव्हा ऐन पंचविशीत. त्यांचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, तेव्हा त्यांना सावरून मी बसले होते.

पुढे शेडमध्ये वारा शिरला की त्या भोकांतून कुणीतरी हलकी शीळ घालावी तसा आवाज येई. जाऊबाईंनी त्यात चिंध्या कोंबल्या. तरी नदीवर धुणं धुताना मध्येच त्यांचे हात थांबत.

"सोजरे, पल्याडनं कोन बगतंय गं?"

"बाभळ हाय ती, बाई."

"व्हय. बाभळच आसंल."

सत्यजीतने पुण्यात पुष्कळ शोधलं, पण त्या मापाचे मीटर मिळेनात. कुणीतरी दौंडच्या स्टेशनजवळचं साहेबरावांचं दुकान सांगितलं. मीही बरोबर गेले. साहेबराव सत्तरीचे. गाडी कोणती, गाव कोणतं एवढं ऐकलं आणि हातातलं काम ठेवून शिडीने माळ्यावर चढले. खाली आणलेल्या गाठोड्याला भाऊजींच्या उपरण्याची विटकी किनार मी पाहिली आणि स्टुलावर बसले.

आत चार मीटर होते. वेगाच्या मीटरच्या काचेवर चाळीसच्या आकड्यापाशी तांबड्या रंगाचा ठिपका. जाऊबाई वेगाला भीत. काटा ह्याच्या पुढं गेला तर तू खुशाल उतर, असं म्हणून भाऊजींनी तो काढून दिला होता.

"हे तर नदीत गेले होते," मी म्हणाले.

"नदीत? न्हाई वो आक्का. आमच्या वडलांनी दुरुस्त केलेत. पूर हुता म्हनून तुमचे पाव्हणे हितंच धर्मशाळेत ऱ्हायले. पानी उतारल्यावर मीटर घिऊन गावाकडं गेले आन् सांजच्याला माघारी आले. म्हनले, पल्याड माझाच दहावा चाललाय. भाऊ बोडका बसलाय."

सत्यजीत म्हणाला, "मग हाक नाही मारली?"

"आमचं वडील बी तेच म्हनले. तर हसले. आता गाडी कुनाची न् मीटर कुनाचं, ठेवा तुमच्याकडं म्हनले आन् ठेसनाकडं गेले. गिऱ्हाइकाची वस्तू, इकायची कशी? ऱ्हायली माळ्यावर."

म्हणजे भाऊजी आधीच्या फेरीने पार झाले होते. बुडाली ती त्यांच्या मागची फेरी.

वाटेत आम्ही ठरवलं की घरी काही बोलायचं नाही. पण मीटर बसवले त्या दिवशी जाऊबाई अंगणात आल्या, पुढच्या सीटवर बसल्या आणि ठिपक्यावर बोट ठेवून तशाच राहिल्या. मग सगळं सांगावंच लागलं. रडल्या नाहीत.

"पुराच्या पान्यात हाक ऐकू येत नसंल," एवढंच म्हणाल्या. "म्हनून मारली नसंल."

ते खरं की खोटं, हे त्यांना बघायचं होतं. उन्हाळ्यात नदी आटलेली. त्या श्रावणापर्यंत थांबल्या. पूर येऊन ओसरायला लागला तेव्हा सत्यजीतला म्हणाल्या, "मला गाडीतनं राहूच्या अंगाला घिऊन चल." पूल आता झाला होता. मला म्हणाल्या, "तू हितं घाटावर ऱ्हा. दहाव्याला बसली हुतीस तितंच."

मी बसले. पलीकडे गाडी थांबली. सत्यजीत वर गाडीपाशीच राहिला, जाऊबाई एकट्या पाण्यापर्यंत उतरल्या. त्यांनी जोर लावला नाही. परसातून बोलवावं तशी हाक दिली.

"सोजरे."

स्पष्ट ऐकू आली. ओ देऊ नये असं वाटलं, पण तोंडातून निघून गेली. तेव्हा जाऊबाईंच्या शेजारी पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी उभं होतं. माझी ओ पोचल्यावर जाऊबाई मान खाली घालून माघारी वळल्या. ते माणूस वळलं नाही. सत्यजीतला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, काकूंशिवाय खाली कुणीच नव्हतं.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात जाऊबाईंनी भाऊजींचं पान वाढू दिलं नाही. कुंकू लावाल का, असं मी भीत भीत विचारलं. "कुनाच्या नावानं?" म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या.

माझे मालक हे ऐकायला उरले नव्हते, ते आधीच गेले. साहेबरावांनी दुकान बंद केलं, आता लेकाकडे चिंचवडला असतात. सत्यजीत लग्नसराईत गाडी बाहेर काढतो, चारही काटे नीट हलतात. भाऊजी दौंडहून कोणत्या आगगाडीने कुठे गेले, आहेत की नाहीत, ते कुणालाच ठाऊक नाही. जाऊबाई एकवीस साली गेल्या. त्यांचा दहावा त्याच घाटावर झाला. सगळे विधी होईपर्यंत मी नदीकडे पाठ करून बसले.