सरळ केलेला माणूस

डॉक्टरीणबाईंनी चादर बाजूला केली आणि तनुजाचे पाय उजेडाकडे वळवले. दोन्ही तळवे काळेनिळे पडून फुगले होते. पोटऱ्यांवर, हातांवर, तोंडावर मात्र साधा ओरखडा नव्हता. टाचेचं हाड मोडलंय, असा मार कुणाला सुचला असेल, असं त्या नर्सला म्हणाल्या.

खाटेशी उभ्या असलेल्या महादेवप्पाने मान फिरवली. भाचीला कसं मारलं असेल ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पायांना ओलं फडकं गुंडाळायचं, वरून पट्टा मारायचा, मग गार फरशीवर चालायला लावायचं. तळवे कोण बघतो?

एकतीस वर्षं त्याने तुरुंगात नोकरी केली. शिपाई म्हणून लागला, हवालदार होऊन निवृत्त झाला. नव्या कैद्याला पहिल्या दिवशी 'समज' देण्याचं काम त्याच्याकडे असायचं. त्याला त्यात कधी वावगं वाटलं नाही. आत एकदा रडलेला माणूस बाहेर गेल्यावर दहा वेळा विचार करतो, असं तो मनापासून मानत आला होता.

शिवलिंग त्याच्या हाताखाली आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. बांधाच्या भांडणात त्याने चुलतभावाच्या खांद्यावर कोयता घातला होता. सुरुवातीला तो उलटून बोलायचा. मग महादेवप्पाने त्याला हाती घेतलं. वर्षभरात तो असा झाला की नुसती हाक मारली तरी थरथरत उभा राहायचा. महादेवप्पा त्याच्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायचा की बघा, माणूस असा सुधारतो.

सुटल्यावर शिवलिंग उदगीरच्या मोंढ्यात हमाली करू लागला. निवृत्तीनंतर महादेवप्पाही उदगीरलाच राहायला आला. शिवलिंगाला दारूचं व्यसन नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं, आणि रस्त्यात महादेवप्पा दिसला की तो वाकून नमस्कार करायचा. त्याच सुमारास महादेवप्पाची धाकटी बहीण शिवकांता लेकीच्या काळजीत होती. तनुजाचा नवरा कोरोनात गेला होता आणि सव्विसाव्या वर्षी ती माहेरी परत आली होती. महादेवप्पाने शिवलिंगाचं नाव काढलं. कोयता घातलेल्या माणसाला लेक कशी द्यायची, असं शिवकांताने विचारलं.

"चार वर्षं माझ्या हाताखाली होता त्यो," महादेवप्पा म्हणाला. "मी सरळ केलाय त्याला. कुणाकडं मान वर करून बघत न्हाई आता."

भावाच्या शब्दावर लग्न झालं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग शिवलिंगाने घरात नियम लावले. तो आला की तनुजाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शिवकांताने हे भावाच्या कानावर घातलं. महादेवप्पाने शिवलिंगाला मोंढ्यात गाठून दम दिला. त्याने हात जोडून सगळं कबूल केलं आणि घरी जाऊन तनुजाला पहिल्यांदा मारलं. काल दुपारी ती न सांगता शेजारी गेली, एवढंच निमित्त झालं. तिचं ओरडणं ऐकून शेजारचा संगप्पा सोडवायला धावला, तर शिवलिंगाने त्याच्या डोक्यात मुसळ घातलं. संगप्पाला लातूरला हलवलं होतं. तो अजून शुद्धीवर आला नव्हता. शिवलिंग पोलिसांच्या ताब्यात होता.

दुपारी पोलीस ठाण्यातला जमादार जबाब घ्यायला आला. महादेवप्पाची नोकरी कळल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला.

"तुमच्यासारखे हवालदार ऱ्हायले न्हाईत आता, म्हणून हे लोक माजले. या खेपेला आत चांगला धुतील बघा त्याला."

"मीच धुतला होता की, साहेब."

जमादाराला ती फुशारकी वाटली आणि तो हसला. शिवलिंगाची कैदेत वागणूक कशी होती, असं त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता 'चांगली' असं लिहून त्याने कागद पुढे केला आणि महादेवप्पाने सही केली.

जमादार गेल्यावर तनुजाने डोळे उघडले.

"मी रडले की म्हणायचा, तुझ्या मामानं शिकवलंय हे. मला वाटलं, खोटं बोलतोय." ती थांबली. "खरं हाय का, मामा?"

शिवकांता लेकीला भात भरवत होती.

"हाव," महादेवप्पा म्हणाला.

शिवकांताने हातातला घास पुन्हा ताटलीत ठेवला. त्यानंतर ती भावाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी महादेवप्पाने वहीच्या पाच पानांवर सगळं लिहून काढलं. कुणाकुणाला, कसं मारलं, जितकी नावं आठवली तितकी लिहिली, आणि पानं ठाण्यात नेऊन दिली. जमादाराने ती उलटीसुलटी करून पाहिली. या प्रकरणाशी याचा काय संबंध, असं विचारलं आणि महादेवप्पा हलेना तेव्हा पोच दिली. संगप्पा त्याच संध्याकाळी गेला.

नवव्या दिवशी तनुजाला घरी सोडलं. दोन वॉर्डबॉयनी तिला उचलून रिक्षात बसवलं, शिवकांता गाठोडं घेऊन शेजारी बसली. महादेवप्पा पुढे झाला तसं तिने रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.

तो परत वळला तेव्हा नर्स दारात उभी होती. तनुजाच्या चपला खाटेखाली राहिल्या होत्या. महादेवप्पाने त्या घेतल्या. खांद्यावरच्या उपरण्याने त्यांची धूळ पुसली आणि दोन्ही हातांत धरून तो बहिणीच्या घराकडे पायी निघाला.