वखराच्या लाकडाची बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. घाबरू नका मित्रांनो, मी लाकडाची आहे. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. तरी माझ्यासमोर इतकी माणसं मेली आहेत, की खऱ्या बंदुकीने मान खाली घालावी. सगळी मेली, पडदा पडल्यावर उठली, चहा प्याली, आणि चहात साखर कमी आहे म्हणून भांडली.

आमचं गाव रोहिणखेडच्या अलीकडचं. तिथल्या सुताराकडे वखर करून बाभळीचा एक तुकडा उरला, त्यातून मी झाले. माझं बाकीचं लाकूड शेतात गेलं, मातीत राबलं. मी एकटी नाटकात गेले. मला काळा रंग दिला, पुढे पाण्याचा फुटका पाइप ठोकला, आणि खांद्याला अडकवायला बैलाच्या घुंगरमाळेचा पट्टा लावला. घुंगरं काढली, पण एक राहून गेलं. त्यामुळे माझा नेम धरला की आधी 'छुन्' असा आवाज येई. समोरच्याला पळायला भरपूर वेळ मिळे. तो पळत नसे. नाटकात तसं लिहिलेलं नसे.

नवरात्रात देवीच्या मंडळाचं नाटक होई. ते महादेवराव लिहीत, बसवत, आणि पडद्याआडून सगळ्यांचे संवादही तेच सांगत. देशावर त्या वर्षी जे संकट असेल ते ते नाटकात घालत. त्यामुळे मी सगळ्या लढाया लढले. मी गोऱ्या शिपायाच्या हातात होते, क्रांतिकारकाच्या हातात होते, दोन्ही एकाच प्रयोगात. बंदूक एकच असल्यामुळे एकाने झाडून झाली की दुसऱ्याला द्यावी लागे, आणि शत्रू ती नम्रपणे देत असत. एकदा निवडणुकीच्या वर्षी लाचखाऊ मंत्र्याचं नाटक झालं. मी मंत्र्याच्या अंगरक्षकाकडे होते. गावातले सगळे पक्ष पुढे बसून खूश झाले. प्रत्येकाला वाटलं, मंत्री दुसऱ्या पक्षाचा आहे. बुलढाण्याच्या कॉलेजची पोरं आली आणि त्यांनी युद्धाच्या विरोधात मोबाइलवर सिनेमा काढला. त्यात माझ्या तोंडातून जाळ निघाला म्हणे. तो नंतर कॉम्प्युटरवर घातला. मी तेव्हा मंडळाच्या खोलीत झांजांखाली पडले होते. आयुष्यात एकदा मला जाळ मिळाला, तोही माझ्या माघारी.

आमच्या गावाची एक रीत होती. नायक छान मेला की लोक 'वन्स मोअर' ओरडत. मग नायक उठून, कपडे झटकून, पुन्हा मरे. दीपक तर असा मरायचा की बाया पदर डोळ्याला लावून वन्स मोअर मागत. आणि त्याला मारणारा दरवर्षी तुळशीराम. साधा भाजीवाला माणूस. शत्रूची मिशी त्यालाच शोभते, असं बैठकीत फार पूर्वी ठरलं होतं. ते बदलायला कोणाला सुचलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात टीव्हीवर लढाई सुरू झाली. खरी. गावात सगळे मोठमोठ्याने बोलू लागले. महादेवरावांनी लगेच सीमेवरचं नाटक लिहिलं आणि नवरात्राची वाट न पाहता उन्हाळ्यातच लावलं. गणवेश हवा होता. गावातल्या कोकिळाबाईंचा मुलगा गजेंद्र फौजेत आहे. त्याचा जुना गणवेश घरी पेटीत होता. "सलाम करायचा सीन आहे, वहिनी," असं सांगून महादेवराव तो घेऊन आले. ते खोटं नव्हतं. सलामानंतर काय होतं, एवढंच त्यांनी सांगितलं नाही. छातीवरची 'गजेंद्र' नावाची पट्टीही काढली नाही. खरं वाटतं म्हणाले.

गजेंद्रचा फोन बरेच दिवस आला नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी कोकिळाबाईंना कळलं. त्या तडक मंडपात आल्या. दीपक गणवेश घालून रंग लावून बसला होता. शर्टाच्या आत लाल पाण्याची पिशवी बांधून झाली होती.

"भाऊजी, हा मरते काय यात?"

"वहिनी, नाटक आहे. पाच मिनिटात उठते तो."

"मंग उठलेलाच दाखवा ना. मराचं असन तं तुमच्या धोतरात मरा. माह्या लेकाच्या कपड्यात नाही मराचं कोनी."

"लोकं मरन पाहाले येतात, वहिनी. मेला नाही तं नाटक कायचं?"

कोकिळाबाईंनी दीपकच्या छातीवरची पट्टी हाताने सरळ केली. मग म्हणाल्या, "ठीक. मी समोरच बसतो." वऱ्हाडात बायाही असं 'बसतो' म्हणतात. पण त्या दिवशी ते सैन्यातल्यासारखं ऐकू आलं.

आणि त्या बसल्या. अगदी पहिल्या रांगेत, मांडी घालून. दिवे लागले, नाटक रंगलं. दीपकने सलाम केला, टाळ्या पडल्या. मग तुळशीराम मला घेऊन आला. छुन्. त्याने नेम धरला. पडद्यामागे महादेवरावांनी डब्याखाली सुतळी बॉम्ब लावला. धडाम!

दीपक उभाच.

तुळशीराम थांबला. मला वाटलं, माझाच नेम चुकला. आतून आवाज आला, "मर!" दीपकने समोर पाहिलं. कोकिळाबाई त्याच्या छातीवरच्या पट्टीकडे पाहत होत्या. डोळ्याची पापणी हलत नव्हती.

"मर ना बे," तुळशीराम हळूच म्हणाला. माइक चालू होता.

"नाही मरत, काका."

"काऊन बे?"

"नाही मरत म्हणलं ना."

लोक हसले. महादेवरावांनी दुसरा बॉम्ब लावला. धडाम! दीपकने डोळे मिटले, पण पाय हलवले नाहीत. तिसरा बॉम्ब सर्दावलेला निघाला, नुसता फुसफुसला. मग मंडपात असं शांत झालं, की माझं घुंगरू वाजलं ते मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. तुळशीराम मला या हातातून त्या हातात घेत होता.

"मंग म्या आता काय करू?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत शत्रूने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. महादेवरावांनी वहीची पानं उलटली. त्याचं उत्तर लिहिलेलंच नव्हतं.

"बसा थोडं," दीपक म्हणाला. "थकले असान."

तुळशीरामने मला खाली ठेवलं आणि खरंच बसला. मिशी काढून घाम पुसला. तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला.

"वन्स मोअर!"

कोकिळाबाई उभ्या होत्या. कोणी हसलं नाही. मग पुन्हा नेम, पुन्हा छुन्, आणि दीपक पुन्हा मेला नाही. बॉम्ब संपले होते, म्हणून धडाम महादेवरावांनी तोंडानेच केलं.

नाटक संपल्यावर दीपक शर्ट काढायला गेला आणि आतली पिशवी फुटली. लढाई संपल्यावर रक्त आलं. सगळा गणवेश लाल.

"माह्याच्यानं झालं, मावशी," दीपक रडवेला झाला.

कोकिळाबाई एवढंच म्हणाल्या, "डाग निघते. तो दिवाळीत सुट्टीवर येणार आहे. त्याच्या आधी निघते." मग माझ्याकडे पाहिलं, मला उचललं, उलटसुलट केलं. "भाऊजी, हे लाकूड मी नेतो. माही धुण्याची मोगरी तुटली."

मित्रांनो, आता मी त्यांच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी असते. पाइप त्यांनी काढून टाकला, काळा रंग खरवडला, पट्टा मात्र राहू दिला. जन्मभर मी गणवेशांवर नेम धरला, पण खरोखर मारलं ते इथे, दगडावर. रोज थोडा लाल रंग निघतो. छातीवरचा डाग आता गुलाबी उरला आहे. मी मारते तेव्हा घुंगरू वाजतं. मध्येच कोकिळाबाई थांबतात, घरात फोन वाजला का ते ऐकतात, आणि पुन्हा सुरू करतात.

लाकडी वस्तू कोरड्या जागी जपून ठेवावी, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. बरोबरच आहे. ओल्याने मी कुजेन, हे मला कळतं. पण नवरात्र आलं आणि कोणी मला पुन्हा काळा रंग द्यायला मागू लागलं, तर माझ्यासाठी एवढं करा. मी इथे नाही म्हणून सांगा. मला इथेच राहू द्या, ओल्यात, दिवाळीपर्यंत तरी.